एक डिस्क, अनेक संगणक : माउंट करण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

दोन सर्व्हरना त्याच फाइली हव्या असतात, स्टोरेजच्या व्यवस्थापन-पडद्यावर एकच डिस्क दोघांनाही जोडण्याची सोय दिसते, आणि जोडल्यावर दोन्हीकडे माउंटची, म्हणजे डिस्कवरच्या फाइली वापरायला खुल्या करण्याची, आज्ञा कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते. काम झाले, असे नवख्या माणसाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ईएक्सटी४, एक्सएफएस, एनटीएफएस किंवा एक्सफॅट यांपैकी कोणतीही नेहमीची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) दोन संगणकांवर एकाच वेळी माउंट करून तिच्यावर लिहायला सुरुवात केली, की तिची नासाडी सुरू होते. ती नजरेस पडायला कधी काही मिनिटे लागतात, तर कधी काही दिवस. खरा धोका या उशिरातच आहे. पहिल्याच मिनिटाला सगळे कोसळले असते, तर या वाटेला फारसे कोणी गेले नसते.

हा लेख आय-स्कझी किंवा फायबर चॅनेल या मार्गांनी नेटवर्कवरून जोडलेली डिस्क, आभासी संगणकाची डिस्क किंवा क्लाउडमधील डिस्क प्रथमच हाताळणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे लिनक्सची आहेत. कारणमीमांसा मात्र सर्व प्रणालींना सारखीच लागू पडते.

आधी कारण

डिस्कला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नसते. तिच्याकडे फक्त क्रमांक दिलेले ब्लॉक असतात, आणि ‘अमुक क्रमांकाचा ब्लॉक दे’ किंवा ‘अमुक ब्लॉकवर हे लिही’ एवढ्या दोनच गोष्टी ती करते. कोणता ब्लॉक मोकळा आहे, कोणता कोणत्या फाइलचा आहे, कोणत्या फोल्डरमध्ये कोणती नावे आहेत, हा सगळा हिशेब संगणकाच्या कर्नेलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) फाइल सिस्टीमचा भाग ठेवतो, आणि तो ठेवताना एक गोष्ट गृहीत धरतो : या डिस्कवर माझ्याशिवाय दुसरे कोणीही लिहीत नाही.

हे गृहीतक आळसातून आलेले नाही, वेगासाठी आहे. एकदा वाचलेला फोल्डर, आयनोड (प्रत्येक फाइलची क्रमांक असलेली नोंद), मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा हे सर्व कर्नेल मेमरीत ठेवते आणि पुढच्या वेळी डिस्ककडे न जाता तिथूनच वापरते. लिहितानाही तसेच. लिनक्सच्या मूळ मांडणीत बदललेली पाने (मजकुराचे मेमरीतील तुकडे) साधारण ३० सेकंद जुनी होईपर्यंत मेमरीत राहू शकतात, ती डिस्कवर उतरवणारी यंत्रणा दर ५ सेकंदांनी जागी होते, आणि ईएक्सटी४ आपले जर्नलही (करायच्या बदलांची नोंदवही) ५ सेकंदांच्या अंतराने पक्के करते. म्हणजे चालू संगणकाची डिस्क ही त्याच्या मेमरीच्या नेहमी थोडी मागेच असते. त्या मागे पडलेल्या डिस्कवरून दुसरा संगणक स्वतःचा हिशेब मांडतो, तोही मेमरीत ठेवतो, आणि एकदा मांडल्यावर पुन्हा तपासायला जात नाही, कारण त्याच्या दृष्टीने तपासण्यासारखे काही घडलेलेच नसते.

इथे दोन शंका हमखास निघतात. पहिली अशी की ‘सिंक’ पर्याय देऊन माउंट केले, म्हणजे प्रत्येक लिखाण लगेच डिस्कवर जाईल, तर प्रश्न मिटेल का? मिटत नाही. त्याने पहिल्या संगणकाचे लिखाण डिस्कवर लवकर पोहोचेल, पण दुसऱ्याच्या मेमरीत बसलेली शिळी प्रत तशीच राहील आणि तो पुढचे निर्णय त्या शिळ्या प्रतीवरूनच घेईल. दुसरी शंका फाइल-लॉकची : प्रोग्रॅम फाइलला लॉक लावत असेल तर? स्थानिक फाइल सिस्टीममधील लॉक हा त्या एका कर्नेलच्या मेमरीतील नोंद असतो. शेजारच्या संगणकाला त्याचा पत्ता लागण्याचा मार्गच नाही. शिवाय दोन संगणक दोन वेगळ्याच फाइलींवर काम करत असले, तरी मोकळ्या जागेचा नकाशा दोघांचा एकच असतो. त्यामुळे ‘आम्ही एकमेकांच्या फोल्डरला हात लावत नाही’ हा करारही कामाचा नाही.

पायरी पहिली : हा प्रकार कुठे कुठे लपतो ते ओळखा

सर्वांत उघड रूप म्हणजे आय-स्कझी किंवा फायबर चॅनेलवरील एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोन सर्व्हरना दाखवणे. क्लाउडमध्येही ही सोय असते. ॲमेझॉनच्या ईबीएस या डिस्क-सेवेत ठरावीक प्रकारची एक डिस्क त्याच अव्हेलेबिलिटी झोनमधील (डेटा-सेंटरांच्या त्याच गटातील) जास्तीत जास्त १६ संगणकांना जोडता येते, पण ईएक्सटी४ आणि एक्सएफएस अशा वापरासाठी नाहीत असे त्यांच्या मार्गदर्शिकेतच बजावलेले आहे. डिस्क जोडता येणे आणि तिच्यावरची फाइल सिस्टीम एकत्र वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे पक्के लक्षात ठेवावे.

याची कमी उघड रूपे जास्त फसवतात. आभासी संगणक चालू असताना त्याच्या डिस्कची फाइल यजमान संगणकावर माउंट करून ‘फक्त एक फाइल काढून घेणे’, हे त्यातले एक. आभासी संगणक चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम २०१७ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीपासून डिस्कच्या फाइलवर लॉक लावतो आणि तीच फाइल दुसऱ्या आभासी संगणकाला द्यायला नकार देतो. पण यजमानाने ती लूप डिव्हाइसने, म्हणजे फाइललाच डिस्क मानून, सरळ माउंट केली, तर तो लॉक आड येत नाही. दुसरे रूप छोट्या बोर्ड-संगणकांवर दिसते. बोर्डाला यूएसबीची डिस्क असल्याचे सोंग घ्यायला लावून, डिस्कची जी फाइल समोरच्या संगणकाला दाखवली तीच बोर्डावरही माउंट करून ठेवली जाते, आणि मग इकडे टाकलेली फाइल तिकडे का दिसत नाही म्हणून शोधाशोध सुरू होते. जुने अँड्रॉइड फोन यूएसबीने संगणकाला जोडून साठवण खुली केली, की फोनला स्वतःचे मेमरी कार्ड दिसेनासे होई. अनेकांना तो दोष वाटे, पण फोन कार्ड स्वतःकडे अनमाउंट करूनच संगणकाच्या हवाली करत असे आणि तेच बरोबर होते. पुढे अँड्रॉइडने एमटीपी ही पद्धत स्वीकारली. तिच्यात संगणक ब्लॉक मागत नाही, फोनकडे फाइल मागतो, त्यामुळे दोघांचेही काम सुरू राहते.

तिसरे रूप तर एकाच यंत्रावरचे आहे. विंडोज हायबरनेट करून त्याच यंत्रावर लिनक्स सुरू केले, की विंडोजचा फाइल-हिशेब अर्धवट अवस्थेत गोठवलेला असतो. लिनक्सने त्या एनटीएफएस विभागावर लिहिले आणि मग विंडोज जागे झाले, तर ते जुन्याच हिशेबावर पुढे चालू लागते. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे साधे ‘शट डाउन’देखील अर्धे हायबरनेशनच असते. एनटीएफएस-३जी हे साधन अशा विभागावर लिहू देत नाही. ते अडून बसले की जबरदस्तीचा पर्याय शोधू नये, विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे.

एखादी डिस्क नेमकी किती संगणकांना दिसते हे तपासताना नावावर विसंबू नये. एकीकडे जी एसडीबी असते ती दुसरीकडे एसडीसी असू शकते. फाइल सिस्टीमचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) जुळला तरी तेवढा पुरावा पुरत नाही, कारण क्लोन केलेल्या डिस्कचाही तो तोच असतो. डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूएन (तिचा स्वतःचा एकमेव ओळख-क्रमांक) किंवा अनुक्रमांक पाहावा. लिनक्समध्ये ‘डेव्ह’ फोल्डरातील ‘डिस्क’मधल्या ‘बाय-आयडी’ यादीत तो मिळतो. आणि सर्वांत भरवशाचे उत्तर संगणकांकडे नसते, डिस्क देणाऱ्याकडे असते : आय-स्कझी टार्गेटवर (डिस्क देणाऱ्या बाजूला) किती इनिशिएटर (डिस्क मागणारे संगणक) जोडलेले आहेत, स्टोरेजवर लन कोणाकोणाला दिलेला आहे, क्लाउडच्या पडद्यावर डिस्कच्या जोडण्या किती आहेत, हे तिथे जाऊन वाचावे.

पायरी दुसरी : सुरक्षित जागी एकदा बिघडवून पाहा

हे वाचून पटण्यापेक्षा पाहून जास्त पटते. दोन आभासी लिनक्स संगणक घ्यावेत (त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू) आणि एक गीगाबाइटची नवी रिकामी डिस्क दोघांनाही जोडावी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी डिस्क ठरीव आकाराची करून तिला ‘शेअरेबल’ प्रकार द्यावा लागतो. ‘अ’वरून तिच्यावर ईएक्सटी४ तयार करून ती माउंट करावी, मग ‘ब’वरही माउंट करावी आणि ‘ब’चा कर्नेल-लॉग वाचावा. तिथे ‘रिकव्हरी कंप्लीट’ अशी ओळ दिसेल. ‘अ’ने माउंट करताना डिस्कवर ‘काम चालू आहे’ अशी खूण केलेली होती. ती पाहून ‘ब’ने असा अर्थ काढला की आधीचा संगणक अचानक बंद पडला असावा, आणि जिवंत संगणकाच्या जर्नलवर त्याने सावरासावर केली. नासाडीची सुरुवात या ओळीपासून होते, आणि ओळ वाचायला किती दिलासादायक आहे पाहा.

आता काही सेकंदांच्या आत ‘अ’वर ‘हिशेब’ आणि ‘ब’वर ‘यादी’ नावाची फाइल करावी आणि आयनोड क्रमांक दाखवणाऱ्या पर्यायासह दोन्हीकडे फोल्डरची यादी पाहावी. ‘अ’ला ‘यादी’ दिसत नाही, ‘ब’ला ‘हिशेब’ दिसत नाही, आणि दोन्ही फाइलींचा क्रमांक १२ असतो. कोऱ्या ईएक्सटी४मध्ये ११ क्रमांक ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरकडे जातो आणि पहिली मोकळी जागा १२ असते. दोघांनीही आपापल्या मेमरीतील नकाशा पाहून तीच उचलली. दोन्हीकडे अनमाउंट करून एकाच संगणकावर डिस्क पुन्हा माउंट केली, की ज्याचे लिखाण डिस्कवर शेवटी पोहोचले त्याचीच फाइल सहसा उरलेली असते. दुसरी पुसलीही गेलेली नसते. ती कधी तयार झालीच नव्हती अशी अवस्था असते. अनेक फाइलींवर हाच खेळ अर्धा तास चालू ठेवला, तर एका फाइलच्या पोटात दुसरीचा मजकूर, पुसलेल्या आयनोडकडे बोट दाखवणारी नावे आणि ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ ही त्रुटी हेही पाहायला मिळेल. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण डिस्कला अक्षरशः लागू पडते.

पायरी तिसरी : ‘फक्त वाचण्यासाठी’ या शब्दांवर विसंबू नका

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मुख्य सर्व्हरवर लिहिली जाणारी डिस्क मी अहवाल काढणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर केवळ वाचनासाठी माउंट केली आणि लिहायचेच नाही तर बिघडणार काय, असा हिशेब केला. दोन दिवसांनी मुख्य सर्व्हरच्या लॉगमध्ये पुसलेल्या आयनोडबद्दलची तक्रार आली आणि त्याने डिस्क आपोआप वाचनापुरती करून टाकली. म्हणजे काम थांबले ते मुख्य सर्व्हरचे.

कारण शोधताना कळले ते असे. ईएक्सटी४ ‘रीड-ओन्ली’ माउंट करताना फाइलींवर लिहू देत नाही, पण जर्नल अपुरे दिसले तर ते आधी पूर्ण करते, आणि ते पूर्ण करणे म्हणजे डिस्कवर लिहिणेच. हे टाळण्यासाठी ईएक्सटी४ला ‘नोलोड’ आणि एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय द्यावा लागतो, किंवा त्याहून चांगले म्हणजे डिस्क देणाऱ्या बाजूनेच ती त्या संगणकापुरती वाचनीय करावी. एवढे केल्यावर मुख्य सर्व्हर सुरक्षित राहील, पण वाचणाऱ्याचे हाल संपत नाहीत. त्याला अर्धवट उतरलेला फोल्डर, जुना आकार, नव्या फाइलच्या ब्लॉकांत जुना मजकूर असे काहीही मिळू शकते, कारण त्याच्या पायाखालची डिस्क बदलत असते आणि त्याला कोणी कळवत नसते.

वाचन खरोखर निर्धोक होते ते दोनच स्थितींत. एक म्हणजे सर्वच संगणक केवळ वाचतात आणि कोणीही लिहीत नाही; डिस्क नीट अनमाउंट करून मग सर्वांना वाचनापुरती दिलेली असते. दुसरी म्हणजे स्टोरेजवर त्या डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढून, त्या स्नॅपशॉटची स्वतंत्र प्रत दुसऱ्या संगणकाला दिलेली असते. अहवाल किंवा बॅकअपसाठी दुसरा मार्ग मला नेहमीच सरस वाटला आहे.

पायरी चौथी : तुम्हाला नेमके काय हवे आहे ते ठरवा

डिस्क वाटून हवी आहे असे म्हणणाऱ्या बहुतेकांना खरे तर फाइली वाटून हव्या असतात. त्यासाठी डिस्क एकाच संगणकाने माउंट करावी आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे नेटवर्कवरून फाइली मागाव्यात. लिनक्स संगणकांमध्ये एनएफएस आणि विंडोज मिसळलेले असतील तिथे एसएमबी, म्हणजे लिनक्सच्या बाजूने सांबा, हे प्रस्थापित मार्ग आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस १९८४ मध्ये आणले ते याच गरजेसाठी. यात मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा एकाच कर्नेलच्या हातात राहतो, हे त्याचे सारे बळ आहे. वेग कमी पडेल या भीतीने नवखे लोक यापासून दूर पळतात, पण आधी करून पाहावे आणि मोजावे; बऱ्याच कामांना एवढा वेग पुरतो.

दुसरी गरज अशी असते की एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलावे. इथे डिस्क दोघांनाही दिसायला हवी, मात्र माउंट एका वेळी एकानेच करावी. ही शिस्त माणसाच्या आठवणीवर सोडू नये. पेसमेकरसारखी क्लस्टर-यंत्रणा (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणारी) ती पाळते, आणि त्यात फेन्सिंग, म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला डिस्कपासून तोडणे, हा भाग सक्तीचा समजावा. पहिला सर्व्हर उत्तर देत नाही याचा अर्थ तो मेला असा होत नाही. तो नुसता अडकलेला असेल आणि मिनिटभराने जागा होऊन मेमरीतील जुने ब्लॉक डिस्कवर ओतू लागेल. म्हणून दुसऱ्याने डिस्क घेण्याआधी पहिल्याची वीज तोडणे किंवा स्कझीच्या पर्सिस्टंट रिझर्व्हेशनने त्याचा लिहिण्याचा हक्क काढून घेणे आवश्यक असते. वीज तोडण्याच्या या पद्धतीला जाणकार ‘स्टोनिथ’ म्हणतात. ‘शूट द अदर नोड इन द हेड’ या वाक्यातील शब्दांच्या आद्याक्षरांचे ते नाव आहे, आणि जरा रांगडे असले तरी नेमके आहे. ‘फेन्सिंग नंतर लावू’ असे म्हणून उभारलेले क्लस्टर मी तरी क्लस्टर मानत नाही.

तिसरी गरज, म्हणजे अनेक संगणकांनी एकाच वेळी त्याच ब्लॉकांवर थेट लिहिणे, खरोखर असेल, तर त्यासाठीच बनवलेली फाइल सिस्टीम लागते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ओसीएफएस२ आणि जीएफएस२ या दोन्ही २००६ मध्ये दाखल झाल्या. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस आणि विंडोज सर्व्हरमधील क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम ही त्यांच्या त्यांच्या जगातील उत्तरे आहेत. जीएफएस२ आणि ओसीएफएस२मध्ये संगणक एकमेकांशी बोलतात : एखाद्या आयनोडला हात लावण्याआधी वितरित लॉक-व्यवस्थापकाकडून परवानगी घेतात, परवानगी दुसऱ्याकडे गेली की आपली मेमरीतील प्रत टाकून देतात, आणि प्रत्येक संगणकाचे जर्नल वेगळे असते. म्हणूनच जीएफएस२ तयार करताना किती जर्नल हवीत हे सांगावे लागते. तीन संगणकांसाठी दोनच जर्नल केली, तर तिसरा माउंट करू शकत नाही. इथेही फेन्सिंग आणि कोरम (निर्णयासाठी संगणकांचे बहुमत) लागतातच. हा मार्ग शक्तिशाली आहे, पण दोन सर्व्हरनी एक फोल्डर वाटून घ्यावा एवढ्यासाठी तो निवडणे म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेले काम आहे.

पायरी पाचवी : चुकून होऊ नये म्हणून अडसर लावा

पहिला अडसर डिस्क देणाऱ्या बाजूला असावा. आय-स्कझी टार्गेटवर प्रत्येक लनसाठी ठरावीक इनिशिएटरच्याच नावाला परवानगी द्यावी; ‘सर्वांना खुले’ ही चाचणीच्या दिवशी केलेली मांडणी तशीच राहून जाते आणि महिन्यांनंतर नडते.

दुसरा अडसर फाइल सिस्टीममध्ये. ईएक्सटी४मध्ये एमएमपी, म्हणजे मल्टिपल माउंट प्रोटेक्शन, नावाची सोय आहे. ती आपोआप चालू नसते. डिस्क अनमाउंट असताना ‘ट्यून२एफएस’ या साधनाने ती चालू करता येते. त्यानंतर माउंट केलेला संगणक ठरावीक अंतराने, नेहमीच्या मांडणीत ५ सेकंदांनी, एका विशिष्ट ब्लॉकमध्ये आपली हजेरी लावतो. दुसरा कोणी माउंट करू लागला, तर तो आधी थोडा थांबून हा ब्लॉक बदलतो का ते पाहतो; बदलला तर नकार देतो आणि शेवटची हजेरी कोणत्या संगणकाने लावली त्याचे नाव लॉगमध्ये लिहितो. अचानक बंद पडलेल्या डिस्कचे माउंट यामुळे काही सेकंद रेंगाळते, तेवढे सोसावे. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये याच कामासाठी ‘मल्टिहोस्ट’ हा गुणधर्म आहे, आणि एलव्हीएम या डिस्क-विभागणीच्या साधनात व्हॉल्यूम ग्रुपला (डिस्कांच्या गटाला) सिस्टीम आयडी देऊन तो एका संगणकाच्या नावे करता येतो. हे अडसर एकत्र वापर शक्य करत नाहीत, फक्त अपघात रोखतात. आणि ‘हा पूल (डिस्कांचा एकत्रित साठा) दुसऱ्या संगणकाने वापरलेला दिसतो’ असे झेडएफएस सांगत असताना जबरदस्तीचा पर्याय देणाऱ्याला कोणताच अडसर वाचवू शकत नाही.

पायरी सहावी : झालेच असेल तर

सर्वप्रथम दोन्ही संगणकांवरचे लिहिणारे प्रोग्रॅम थांबवावेत. मग कोणाची प्रत खरी मानायची ते ठरवावे. ज्याचे काम महत्त्वाचे, त्या संगणकावर अजून उघडता येणाऱ्या फाइली लगेच तिसऱ्या जागी, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. कारण त्याच्या मेमरीत अजूनही असे काही असू शकते जे डिस्कवर उरलेले नाही. दुसऱ्या संगणकाला नीट अनमाउंट करू देणेही धोक्याचे असते, कारण अनमाउंट करताना तो आपला उरलेला चुकीचा हिशेब डिस्कवर उतरवतो. त्याची जोडणी स्टोरेजच्या बाजूनेच तोडावी. त्याच्या लॉगमध्ये त्रुटींचा पाऊस पडेल, तो पडू द्यावा.

त्यानंतर उरलेल्या संगणकावर डिस्क अनमाउंट करून संपूर्ण डिस्कची प्रत काढावी, आणि पुढची दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. एफएससीके हे फाइल सिस्टीम तपासण्याचे साधन लगेच दुरुस्तीच्या पर्यायाने चालवू नये. आधी काहीही न बदलता केवळ तपासणाऱ्या पर्यायाने चालवून नुकसान किती आहे ते वाचावे. ते साधन फाइल सिस्टीमचा हिशेब स्वतःशी जुळवते, तुमचा मजकूर परत आणत नाही. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींनी हक्क सांगितला, तर ते दोघींना त्याची एकेक प्रत देऊ शकते, पण त्यातला मजकूर मुळात कोणाचा होता हे त्याला कळत नाही. म्हणून एफएससीके ‘स्वच्छ’ म्हणाले तरी बॅकअपशी चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून पाहावेत. डेटाबेस असेल तर त्याची स्वतःची तपासणी वेगळी चालवावी. बॅकअप ताजा असेल, तर नवी फाइल सिस्टीम करून त्यावर बॅकअप उतरवणे हा दुरुस्तीपेक्षा बहुधा कमी वेळाचा मार्ग ठरतो.

शेवटी, दुसरा संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्याच्या एफस्टॅबमधील (आपोआप माउंट करायच्या डिस्कांच्या यादीतील) त्या डिस्कची ओळ काढावी आणि त्याचे आय-स्कझीचे आपोआप लॉगिन बंद करावे; नाही तर दुरुस्त केलेली डिस्क स्टोरेजवर पुन्हा जोडताच तो पुढच्या रीस्टार्टला कोणाला न विचारता ती माउंट करील.